राहून गेलेले आभार

उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या नेसेविक गावात लग्न असो, बारसं असो की मयतीनंतरचं जेवण, केकचा शेवटचा तुकडा संपला की सगळ्या माना आपोआप एकाच दिशेला वळत. तिकडे आनफिन म्युक्लेबुस्ट बसलेला असे. तो चमच्याने पेल्यावर टिणटिण करी, खुर्ची मागे सारी, पोट आत ओढून पाही, ते येत नसे, आणि मग सगळ्या पाहुण्यांच्या वतीने जेवणाचे आभार मानणारं भाषण करी. हे भाषण झाल्याशिवाय त्या मुलखात मेजावरून कुणी उठत नाही. एकदा सर्दीने त्याचा आवाज बसला, तर एका लग्नातली सगळी मंडळी पाऊण तास रिकाम्या बश्यांकडे बघत बसून राहिली. शेवटी नवरी स्वतः आतून फळा घेऊन आली आणि आनफिनने खडूने भाषण लिहून दाखवलं, तेव्हा कुठे लोकांना पाय मोकळे करता आले.

एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. उतरताना प्रत्येक पोर ‘प्रवासाबद्दल ताक्क’ म्हणून उतरे. एखादं न म्हणता उतरलंच, तर आनफिन दार उघडं ठेवून आरशात बघत बसे. बर्फ आत येई, मागची पोरं कुडकुडत, सगळ्यांना घरी पोहोचायला उशीर होई. उतरलेलं पोर परत येऊन ताक्क म्हणे, मग गाडी सुटे. आज गावातली निम्मी तरणी माणसं त्या बसमधून शहाणी होऊन उतरलेली आहेत.

ताक्क म्हणजे आभार. पण या एका शब्दावर त्या लोकांचा सगळा संसार चालतो. कॉफी हवी असली तर ‘हो, ताक्क’, नको असली तर ‘नको, ताक्क’, आणि आग्रह डोक्यावरून जायला लागला की ‘विचारलंस त्याबद्दल ताक्क’, म्हणजे आता किटली खाली ठेव बाई. निघताना ‘माझ्याकडून ताक्क’, काम सुटलं की ‘आजच्याबद्दल ताक्क’, दोन पावलं बरोबर चाललं तरी ‘सोबतीबद्दल ताक्क’. कुणी हद्द सोडून वागला तर तोच शब्द जरा आवाज चढवून म्हटला की त्याला दार दिसतं. आणि माणूस मेला की त्याच्या दगडावर ‘सगळ्याबद्दल ताक्क’ कोरतात आणि विषय संपवतात. या साऱ्या प्रकारांत आनफिनचा हात धरणारं नेसेविकमध्ये कुणी नव्हतं. कुठला ताक्क कुठे, किती हळू, टोपी काढून की नुसती उचलून, हे त्याला झोपेतसुद्धा कळे.

यातला एक प्रकार सगळ्यात कडक. कुणाच्या घरी पाहुणचार झाला, की त्यानंतर ते माणूस पुन्हा पहिल्यांदा भेटेल तेव्हा तोंडातून पहिला शब्द निघायचा तो ‘मागच्या वेळेबद्दल ताक्क’. मग ती भेट आठ दिवसांनी होवो की आठ वर्षांनी, वाण्याकडे होवो की दवाखान्यात. हे म्हटल्याशिवाय पुढे हवापाणीसुद्धा बोलायचं नाही.

आणि अशा या आनफिनने सोळा महिने झाले, शेजारच्या एल्बियर्ग हेगदालबाईंना मागच्या वेळेचा ताक्क दिलेला नव्हता.

तो चुकवत होता. एल्बियर्गबाईंची लाल टोपी दुकानात दिसली की तो बटाट्यांच्या पोत्यांमागे जाई आणि भाव वाचत उभा राही. बटाट्याचा भाव काही महाभारत नव्हे, पण आनफिन दहा दहा मिनिटं वाचे. रस्त्यात भेटल्या तर गाडीच्या काचेआडून हात हलवी आणि वेग वाढवी. गेल्या उन्हाळ्यात तर समोरून त्या येताहेत म्हणून तो न्हाव्याच्या दुकानात शिरला, आणि शिरलाच आहे तर म्हणून डोकं भादरून बाहेर आला.

“तुझं आणि एल्बियर्गचं काही झालंय का?” मार्चमधल्या एका सकाळी त्याची बायको तुरगुन पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता म्हणाली.

“काय होणार?”

“तेच विचारतेय. शनिवारी तिचा ऐंशीवा वाढदिवस आहे, समाजमंदिरात. तिच्या मुलाचा, युस्टाइनचा फोन होता. भाषण तूच करायचंस म्हणाला.”

आनफिन घाईने म्हणाला, “मला त्या दिवशी बरं नाही.”

“शनिवारी? आज मंगळवार आहे. आत्तापासून कळलं होय रे तुला?” तुरगुन हसली. “आणि अरे, निरोपाचं जेवणच आहे ते एक प्रकारे. सोमवारी तिला वृद्धाश्रमात नेणार. खोली मिळाली. बिचारी. ते मेंढ्यांचं झालं तेव्हापासून विसरायलाच लागली म्हणतात.”

आनफिनने चीज खाली ठेवलं. तुरगुनने ते उचलून खाल्लं.

ते मेंढ्यांचं असं झालं होतं. सोळा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, तुरगुन बहिणीकडे गेली होती म्हणून एल्बियर्गबाईंनी आनफिनला जेवायला बोलावलं. काळी मिरी घालून शिजवलेलं कोबी-मटण, बटाटे, वर कॉफी. आनफिन तीनदा वाढून घेऊन जेवला, एका माणसापुढे भाषण केलं, आणि उरलेल्या मटणाचा डबा घेऊन दाराशी अगदी रीतसर निरोप घेतला. बाईंनी दार लावलं. बाहेर पाऊस तिरपा येत होता. रस्त्याने घरी जायचं तर वीस मिनिटं, बाईंच्या कुरणातून गेलं तर पाच. आनफिन कुरणातून गेला. पलीकडचं फाटक उघडून बाहेर पडला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. त्या फाटकाची कडी उघडायला कोपरही पुरे, पण लावायची तर एका हाताने फाटक उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने कडी दाबायची. आनफिनला तिसरा हात नव्हता. डबा ठेवून लगेच येतो परत, असं तो फाटकाला म्हणाला आणि घरी गेला.

घरी त्याने बूट काढले, मोजे शेगडीवर वाळत घातले, टीव्ही लावला. स्कीवरून उडी मारायच्या स्पर्धेची दुसरी फेरी सुरू होत होती. पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला आणि खिडकीतून त्याला बाईंच्या अंगणातल्या दिव्याच्या उजेडात ते फाटक दिसलं. उघडं. मेंढ्या आतच होत्या, पण फाटकापाशी जमल्या होत्या. आनफिनने बुटांकडे पाहिलं. ओले होते. त्याने पाणी प्यायलं आणि तो टीव्हीपुढे जाऊन बसला.

सकाळी मेंढ्या रस्त्यावर होत्या. दुधाच्या टँकरखाली तीन गेल्या. त्यातली एक गळ्यात घंटा असलेली, बाकीच्यांच्या पुढे चालणारी. उरलेल्या सोळा खाली खाडीकाठच्या खडकांवर विखुरल्या होत्या. आनफिन सगळ्यांच्या आधी धावला, कंबरभर थंड पाण्यात उतरला, दोन मेंढ्या खांद्यावरून वर आणल्या. वर एल्बियर्गबाई उभ्या होत्या, पांढऱ्याफटक.

“मीच रे,” त्या म्हणाल्या. “गवत टाकायला तीन वाजता गेले होते. कडी लावायची विसरले मी. पन्नास वर्षांत नाही असं झालं.”

त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. आनफिनने उघडलं, आणि त्यातून निघालं, “होतं असं कधीकधी.”

“मदतीबद्दल हजार ताक्क, आनफिन,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर सगळं आपल्या पायांनी चालत गेलं. मुलगा युस्टाइन बर्गनहून आला. चांगला मुलगा, इंजिनियर. चांगला होता म्हणूनच घाबरला. नाताळाच्या आत मेंढ्या विकल्या. उन्हाळ्यात बाईंची गाडी विकली. मग डॉक्टर, मग नगरपालिकेची बाई, मग अर्ज. आनफिन हे सगळं बटाट्यांच्या पोत्यांमागून ऐकत होता. डब्यातलं कोबी-मटण त्याने त्याच आठवड्यात खाल्लं होतं. टाकून द्यायला नको म्हणून. चव चांगली होती, याचीही त्याला लाज वाटत होती.

शुक्रवारी सकाळी तो एल्बियर्गबाईंकडे गेला. या वेळी रस्त्याने, पुढच्या दारातून, टोपी हातात घेऊन.

बाई विजेच्या मोठ्या गोल तव्यावर बटाट्याच्या पातळ पोळ्या भाजत होत्या, उद्यासाठी. लांब लाकडी पट्टीने पोळी उचलून उलटायची त्यांची हातोटी गावात कुणाला नव्हती.

“आलास?” मान न वळवता त्या म्हणाल्या. “मला वाटलं आता एकदम माझ्या दगडापुढेच भाषण करायला येशील.”

आनफिन म्हणाला, “मागच्या वेळे…” आणि थांबला. ते तोंडातून निघेना. कशाबद्दल ताक्क म्हणणार होता तो?

“बस की. घरात कुणी मेलंय का?”

तो बसला नाही. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडीच्या वर एक कागद चिकटवला होता: ‘बंद केली?’ दारावर दुसरा: ‘किल्ली?’ नळावर तिसरा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने तीन तीन खुणा होत्या, आजच्या तारखेपर्यंत. अक्षर मात्र तसंच ताठ होतं, मास्तरणीसारखं.

“एल्बियर्ग, फाटक मी उघडं टाकलं होतं.”

“कुठलं?”

“तुझं. त्या रविवारी. मी रस्त्याने गेलोच नाही. पाऊस होता म्हणून कुरणातून गेलो. दोन्ही हात भरलेले होते. कडी लावायची राहिली. विसरलो.”

‘विसरलो’ म्हणताना त्याने टोपीकडे पाहिलं.

तव्यावरची पोळी काळी व्हायला लागली. बाईंनी ती उलटली नाही. धूर झाला तेव्हा पट्टीने उचलून सरळ कचऱ्यात टाकली आणि तवा बंद केला.

“परत सांग.”

त्याने परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते आणखी छोटं वाटलं.

“सोळा महिने झाले,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“गेल्या महिन्यात त्या डॉक्टरने मला घड्याळ काढायला लावलं. कागदावर, काट्यांसकट. मी म्हटलं, किती वाजलेले काढू? म्हणे अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं मी. बरोबर काढलं. तरी तो युस्टाइनला म्हणाला, आधीचा प्रकार बघता सावध राहिलेलं बरं.” त्यांनी पीठ लागलेले हात पुसले, एक एक बोट. “मी घरातून निघून रस्त्याच्या वळणापर्यंत जाते आणि परत येते शेगडी बघायला. रोज. बंदच असते ती. तरी मी म्हणते, आज असेल, उद्या नसेल.”

“एल्बियर्ग…”

“मला नको सांगूस. माझं झालं. युस्टाइन मागे खुर्च्या भरतोय गाडीत. त्याला सांग. मी ऐकते इथून.”

युस्टाइन घडीच्या खुर्च्या एकावर एक रचत होता, मोजमाप घेतल्यासारख्या. आनफिनने त्याला सांगितलं, तितकंच, जितकं आत सांगितलं होतं. युस्टाइनने शेवटची खुर्ची ठेवली, पुढे आला आणि आनफिनच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

“आनफिन,” तो म्हणाला, “तू फार भला माणूस आहेस.”

“भला नाही रे, मीच ते…”

“मला कळतं. आईच्या मानासाठी तू हे अंगावर घेतोयस. बापाच्या मागे तिला कुणी इतकं जपलं नसेल. ताक्क. अगदी मनापासून ताक्क. पण ही खोली सोडली तर पुन्हा दोन वर्षं मिळायची नाही.”

“तो खरं बोलतोय,” दारातून एल्बियर्गबाई म्हणाल्या.

“आई, हा माणूस असाच आहे. मी शाळेच्या नाटकात झाड झालो होतो, आठवतं? याने नाटकानंतरच्या भाषणात माझ्या फांद्यांचे आभार मानले होते. फांद्यांचे! कुणाला वाईट वाटू नये म्हणून हा काहीही बोलेल.”

आनफिनने आयुष्यभर गावाला इतकं गोड बोलून ठेवलं होतं की आता त्याचं कडू कुणी घेईना. बसमधली पोरं, लग्नं, मयती, चुलत्यांच्या बेचव पुडिंगचं केलेलं कौतुक, सगळं त्या खांद्यावरच्या हातात होतं. तो हात उबदार होता. त्याला तसंच राहू द्यावं, गप्प घरी जावं, आपण तर सांगितलं ना, असंही एक क्षण त्याला वाटलं. आणि वाटलं याचीच त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली.

“विसरलो नव्हतो,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“विसरलो नव्हतो मी. आत पण खोटं सांगितलं. घरी गेल्यावर मला खिडकीतून फाटक दिसलं. उघडं. तुमच्या अंगणातला दिवा चालू होता.” तो युस्टाइनशी बोलत होता, पण बघत होता दाराकडे. “मेंढ्या पण दिसल्या. बाहेर नव्हत्या आल्या अजून. फाटकाशी उभ्या होत्या. पाच मिनिटांचं काम होतं. पण मी बूट काढले होते.”

युस्टाइनचा हात खांद्यावरून खाली आला.

“बूट काढले होतेस,” एल्बियर्गबाई म्हणाल्या.

“ओले होते. आणि टीव्हीवर स्कीच्या उड्या लागल्या होत्या. दुसरी फेरी.”

“कोण जिंकलं?”

आनफिन विचार करत राहिला. खरोखर विचार करत राहिला, कारण आता तरी नीट उत्तर द्यावं असं त्याला वाटत होतं. “आठवत नाही,” तो म्हणाला.

युस्टाइन आईकडे वळला. इंजिनियर माणूस, पण त्याला हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. “आई,” तो म्हणाला, “मी मेंढ्या विकल्या. मी तुझी गाडी विकली.”

“हो. विकलीस,” बाई म्हणाल्या. “त्याचं आपण नंतर बोलू, तू आणि मी. आधी त्या नगरपालिकेच्या बाईला फोन लाव. आत्ता. शुक्रवारी त्या बारालाच घरी पळतात.” मग त्या आनफिनकडे वळल्या. “उद्या तू भाषण करायचं नाहीस.”

“नाही.”

“पण यायचंस. समोर बसायचंस.”

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात नेहमीसारखं झालं. सूप झालं, मटण झालं, पोळ्या झाल्या, केक संपला आणि साठ माना आनफिनकडे वळल्या. आनफिन आपल्या बशीकडे बघत राहिला. तुरगुनने त्याला कोपराने ढोसलं. “ऊठ की. झोपलास का?”

तिकडे युस्टाइन उभा राहिला. त्याचं भाषण तीन वाक्यांचं होतं आणि तिन्ही अडखळत झाली. जेवणाबद्दल सगळ्यांच्या वतीने ताक्क. आई सोमवारी कुठेही जाणार नाही. फाटक आईने उघडं टाकलं नव्हतं, आणि सोळा महिने तिला तसं वाटू दिलं याबद्दल तो सगळ्यांच्या देखत तिची क्षमा मागतो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग एकमेकांकडे पाहिलं, मग टाळ्या विरळ झाल्या. नेसेविकमध्ये एकूण किती लोक ते कुरण ओलांडून घरी जाऊ शकतात, हा हिशोब प्रत्येकाच्या चेहऱ्यावर चालू झालेला दिसत होता.

“मग कुणी टाकलं?” तुरगुनने कुजबुजून विचारलं.

“मी.”

तुरगुनने काटा खाली ठेवला. नेहमी ती त्याच्या बशीतला उरलेला केक खाई. त्या दिवशी तिने तो तसाच ठेवला, आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. गाडीत मात्र बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मे महिन्यात एल्बियर्गबाईंनी सहा मेंढ्या आणल्या, पोटुशा. जवळजवळ दीड वर्ष मोकळं पडलेलं कुंपण जागोजाग कुजलं होतं. आनफिन न बोलावता गेला आणि खांब ठोकू लागला. रोज सकाळी आठला जाई, चारला परत येई. बाईंनी पहिल्या दिवशी त्याला खिडकीतून पाहिलं आणि पडदा सारला. दुसऱ्या दिवशीही. घरातले ते कागद निघाले होते. फक्त शेगडीवरचा राहिला होता. तो काढायला त्यांचा हात होत नव्हता, असं दुकानात कुणीतरी म्हणालं, आणि आनफिनने ते पोत्यांपुढे उभं राहून ऐकलं.

गावात त्याच्याशी लोक बोलत, पण जपून. जूनमध्ये एक लग्न ठरलं होतं. जेवणाच्या आभारासाठी शाळेच्या मास्तरांना विचारल्याचं त्याच्या कानावर आलं. आनफिनला वाईट वाटलं, आणि मास्तर लांबण लावतात हे माहीत असल्यामुळे पाहुण्यांचंही वाईट वाटलं.

नवव्या दिवशी एल्बियर्गबाई कुरण ओलांडून आल्या. हातात थर्मास आणि एक पेला. त्यांनी दोन्ही एका दगडावर ठेवले, आनफिनपासून दहा पावलांवर, आणि मागे वळल्या.

आनफिनने हातोडा खाली ठेवला. तोंडातला शब्द रोखायला आयुष्यात पहिल्यांदाच त्याला जोर लावावा लागला. कॉफीचे आभार मानायचा आपल्याला अधिकार आहे का, हे त्याला कळत नव्हतं. बाई दहा-पंधरा पावलं गेल्या. मग त्याच्याने राहवलं नाही. टोपी काढून, अगदी हळू, त्याने त्यांच्या पाठीला म्हटलं, “ताक्क.”

एल्बियर्गबाई थांबल्या. वळल्या. त्यांनी आनफिनकडे पाहिलं नाही, त्याच्या बाजूच्या खांबाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

“तो खांब वाकडा आहे,” त्या म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.

आनफिनने एक डोळा मिटून पाहिलं. वाकडाच होता. त्याने कॉफी तशीच ठेवली, खांब उपटला आणि खड्डा पुन्हा खणायला घेतला.